गिटारीत बसवलेला सवतीचा टाक

आधीच सांगते, ही गोष्ट खरी हाय.

गावात मला फेकू म्हातारी म्हणतात, ठाऊक हाय मला. मागं म्या सांगितलं व्हतं का पूर्णेच्या पुरात म्हशीचं शेपूट धरून मी तीन कोस गेल्ते. आता म्हैस खरी व्हती. पूर बी खरा व्हता. कोस तेवढे वाढवले.

ह्या गोष्टीत म्या काहीच वाढवलं न्हाई. उलट जरा कमी करूनच सांगून राह्यले.

माझी नात शीतल, तिला मी सांगते अन् ती मोबाईलवर बोटानं लिहिती. आजकाल मोबाईलसमोर नुसतं बोललं तरी आपोआप लिहून येतं म्हणतात. माझ्या बाबतीत ते चालत न्हाई…

काहून, ते पुढं कळंल.

गाव टेंभुर्णी, तालुका जाफ्राबाद, जिल्हा जालना. मागच्या साली दिवाळी झाली, त्याच्यानंतरचा पहिला गुरुवार. टाईम संध्याकाळी पाच. लोकांच्या भुताच्या गोष्टी अमावस्येच्या रात्री घडतात. माझ्यावाली घडली तव्हा अंगणात ऊन व्हतं, बाया कापूस वेचून घरी येऊन राह्यल्या व्हत्या, अन् माझा गॅसवर चहा व्हता.

माझं नाव बेबीनंदा. वय एकोणसत्तर. आमचे हे, पुंजारामजी, सत्त्याहत्तर.

मी त्यांची दुसरी.

पहिली दुर्गाबाई. लग्नाला दीड वर्ष झालं अन् तापानं गेली. लेकरू न्हाई. फोटो न्हाई. म्या तिला कधी पाह्यलं न्हाई.

आता आमच्यात एक रीत हाय. दुसरी बायको घरात आली का पहिलीचा टाक करायचा. टाक म्हणजे चांदीचा पातळ पत्रा, रुपयाहून थोडा मोठा, त्याच्यावर बाईचा आकार ठोकून उठवलेला. तो दुसरीनं गळ्यात घालायचा. अन् नवं काही अंगावर घ्यायचं असंल, लुगडं असो का चोळी असो का बांगडी, ते पहिल्यांदा टाकाला लावायचं. आधी तिचं, मंग आपलं.

म्हणजे पाहा. अठरा वर्षाची मी, नवी नवरी, अन् गळ्यात सवत घेऊन हिंडायचं.

म्या आठ वर्ष घातला. सासूचं तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी काढला. लोखंडी पेटीत डांबरगोळ्यांचा डबा व्हता, त्याच्यात टाकून दिला. तिला न लावता पहिलं लुगडं नेसले ते हिरवं व्हतं. आरशासमोर उभी राहून हसले व्हते.

काही झालं न्हाई.

त्रेचाळीस वर्ष काहीच झालं न्हाई.

तुम्ही म्हणाल, मेलेल्या बाईचा एवढा काय जाच. गाव तिचं नाव घ्यायचं. दुर्गाची भाकर कशी पातळ, दुर्गा कशी हळू बोलायची. ते मला चालत व्हतं. गावाला तोंड हाय, बोलणारच. पण आमच्या ह्यांनी एकावन्न वर्षात तिचं नाव एकदा बी घेतलं न्हाई.

ज्याला आपण विसरलो त्याचं नाव आपण सहज घेतो. हे घेतच नव्हते.

मला तिथंच दुखायचं.

तरी माझी एक गोष्ट पक्की व्हती. सहा वर्ष झाली, ह्यांचे कान गेले. जालन्याहून आणलेलं कानाचं मशीन शिट्टी मारतं म्हणून कपाटात पडलंय. दारात हलगी वाजली तरी मान वळत न्हाई. अन् माझा आवाज म्हणजे ह्या बांधावरून त्या बांधाला जाणारा. तेवढा एकच आवाज त्यांच्या कानात शिरायचा. घरात कोणाला काही सांगायचं असलं का सगळे मलाच म्हणायचे, "तू सांग, तुझंच ऐकू येतं त्यांना."

मला लई बरं वाटायचं. ह्या माणसाच्या कानात आता मी एकटीच, असं वाटायचं.

आता गिटारीचं ऐका.

माझ्या लेकाचं, भारतचं, बसस्टँडजवळ मोटर भरायचं दुकान हाय. शेतातल्या जळलेल्या मोटरीला नवी तार भरून देतो. शीतल त्याची लेक. आयटीआय करून त्याच दुकानात बसती. तिनं मनात घेतलं, इलेक्ट्रिक गिटार इकत आणायची न्हाई, घरीच बनवायची. जुन्या दाराची सागाची फळी कापली. केसाहून बारीक तांब्याची तार लोहचुंबकावर गुंडाळली. पाच हजार वेढे. मोजायला मला बसवलं. चार हजाराच्या आसपास माझा डोळा लागला, पण म्या तिला सांगितलं न्हाई. आवाजाची पेटी म्हणजे पंधरा किलोचा तेलाचा डबा, त्याच्यात एका जुन्या टेपचं मशीन अन् स्पीकर.

गिटार वाजली. पण मागून गुरगुर.

घूं…

बटण दाबलं का घूं. तार वाजती ती वाजती, पण तिच्या पाठीमागं कोणी नाराज बाई बसल्यावानी घूं चालूच.

"आज्जी, मला क्लीन टोन पाहिजे," शीतल म्हणली.

"ते काय असतं?"

"तार छेडली का तारच वाजली पाहिजे. मागं काहीच नको. पुसलेल्या काचेवानी."

भारत म्हणला, "माय, अर्थिंग सुकली असंल. खड्ड्यात मिठाचं पाणी टाक."

न्हाणीच्या मागं आमचा अर्थिंगचा खड्डा हाय, कोळसा अन् मीठ भरलेला. घरातल्या सगळ्या लाईटीची एक तार तिथं जमिनीत उतरती. म्या आठ दिवस बादली बादली मिठाचं पाणी ओतलं. बाजूचं कढीपत्त्याचं झाड मेलं. गुरगुर काही मेली न्हाई.

मंग शीतल म्हणली, "जिथं तारा खाली बसतात तिथं चांगला पातळ पत्रा पाहिजे, त्याला अर्थ द्यायचा, म्हणजे खड्ड्याची तार जोडायची. डब्याचा पत्रा लावला, सोल्डर धरत न्हाई."

"चांदीचा चालंल का?"

"आज्जी, चांदी तर तांब्याच्या बी वर. पण कोण देणार हाय?"

मी पेटीकडं गेले. डांबरगोळ्यांचा डबा उघडला.

खोटं कशाला बोलू, मला लई मजा वाटली. तिला लाकडात घालायचं, वरून सहा तारा आवळायच्या. अजून काय पाहिजे.

"हे काय हाय?" शीतलनं टाक उलटापालटा केला. "बाईचं चित्र हाय ह्याच्यावर."

"असंल कोणतीतरी देवी. उलटा लाव."

तिनं तोंड लाकडाकडं करून लावला.

तोच तो गुरुवार.

शीतलनं सोल्डर मारलं. तारा आवळल्या. बटण दाबलं अन् आम्ही दोघी घूं यायची वाट पाहत बसलो.

…

काहीच न्हाई.

"बंद पडला काय," शीतल म्हणली. पण लाल लाईट तर लागलेली.

तिनं एक तार छेडली.

माय… तसा आवाज म्या जन्मात ऐकला नव्हता. एकटा आवाज. रिकाम्या घागरीत एकच थेंब पडावा तसा. त्याच्या मागं काही न्हाई, पुढं काही न्हाई. थांबला तव्हा अंगावर काटा आला, कारण बाहेरच्या चिमण्या बी त्याच्यासोबतच थांबल्या.

अन् मंग… बाजेवरून कोणीतरी इचारलं.

"कोण बोललं?"

आमचे हे उठून बसले व्हते.

"आबा, तुम्हाला ऐकू आलं?" शीतल त्यांच्याकडं पळाली.

त्यांनी तिच्याकडं पाह्यलं न्हाई. ते तेलाच्या डब्याकडं पाहत व्हते. अन् असे लाजले… ह्या माणसाला लाजताना म्या कधी पाह्यलंच नव्हतं. माझ्या हळदीत बी न्हाई.

"दुर्गे," ते म्हणले.

गॅसवरचा चहा उतू गेला. मी उठले न्हाई.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांचा एक नेम सुरू झाला. चार वाजले का दाढी. धुतलेलं धोतर. टोपी. अन् पाचला शीतल दुकानातून आली का हे डब्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे. ती वाजवायची, हे मान हलवायचे. मधी मधी हळूच काहीतरी बोलायचे. डब्यासोबत.

म्या एकावन्न वर्ष ह्या माणसासाठी केस विंचरले. ह्यांनी कधी मान वर केली न्हाई. अन् तेलाच्या डब्यासाठी रोज दाढी.

"आज्जी, तू काहून तोंड वाकडं करून राह्यली?" शीतल हसायची. "आबा खुश हायेत ना?"

"खुश हायेत म्हणूनच."

चौथ्या दिवशी म्या भाऊबीजेला आलेली नवी साडी काढली. जांभळी, जरीच्या काठाची. नेसले, पावडर लावली अन् ह्यांच्या अन् डब्याच्या बराबर मधी जाऊन बसले.

घूं…

शीतलनं हात थांबवला. "आता काय झालं?"

मी पाणी प्यायला उठले. घूं बंद.

परत आले. घूं.

"आज्जी, साडीला जर हाय ना. त्याच्यानं होत असंल," शीतल म्हणली. "बदलून ये जल्दी."

मी दुसरी नेसले. साधी सुती, पण नवी, घडी मोडलेली नव्हती.

घूं…

मंग जुनी नेसले. आवाज साफ.

आता तुम्ही माझ्या जागी असता तर घाबरले असता. म्या तपास केला. जुन्या साडीवर नव्या बांगड्या घातल्या… घूं. बांगड्या काढल्या, बंद. शेजारणीची जुनी साडी मागून आणून नेसले, काही न्हाई. अखेरीला एक नवा हातरुमाल कमरेला खोसला, कोणाला दिसणार बी न्हाई असा.

घूं…

शीतल म्हणली, "लूज कनेक्शन हाय कुठंतरी."

मला कळलं व्हतं कनेक्शन कुठं हाय ते. त्रेचाळीस वर्षाची नवी कापडं तिला न दाखवता नेसले व्हते. ती मागून राह्यली व्हती.

अन् म्या ठरवलं, द्यायचं न्हाई.

मंग आमच्या दोघींची चांगलीच जुंपली. मी रोज पाचला नवं काहीतरी अंगावर घालायचे अन् मुद्दाम मधी बसायचे. घरात नवं संपलं तर सुगनबाईच्या कापडाच्या दुकानातून एक नवा ब्लाउजपीस आणून पदराला टाचला. ती घूं करायची, मी बडबड करायचे. बाजारात काय भाव, कोणाच्या म्हशीला काय झालं, सगळं ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं. हे कपाळाला आठ्या घालायचे. चालंल मला. आठ्या तर माझ्यासाठी हायेत ना.

शीतल रडकुंडीला आली. "आज्जी, तुझ्या पाया पडते. तू आत बस."

"माझं घर हाय. मी कुठं बी बसंल."

आठव्या दिवशी मी नवा परकर घालून जाऊन बसले.

…

घूं आलं न्हाई.

मला वाटलं, जिंकले. हरली बया. म्या लई खुशीत ह्यांना म्हणलं, "चला, जेवायला चला. शेंगोळे केलेत."

त्यांनी मान वळवली न्हाई.

"अवं, शेंगोळे केलेत."

न्हाई.

मी कानाजवळ गेले. इतकी ओरडले का गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं.

"कुत्रं काहून भुंकतंय?" ह्यांनी शीतलला इचारलं.

शीतल उठली. हळूच, आपण बोलतो तितक्याच आवाजात म्हणली, "आबा, जेवायला चला."

"चल," ते म्हणले अन् उठले.

कुकरची शिट्टी झाली, त्यांनी ऐकली. बकरीच्या गळ्यातली घंटी ऐकली. गल्लीच्या टोकाला भारत फोनवर बोलत आला, ते बी ऐकलं. सहा वर्ष बंद असलेले कान, पुसलेल्या काचेवानी झाले.

फक्त मी न्हाई.

म्या त्यांच्यासमोर ताट ठेवलं. त्यांनी ताटाकडं पाह्यलं, माझ्याकडं बी पाह्यलं. मी बोलले. माझे ओठ हलताना ते पाहत व्हते, जसं आपण काचेपलीकडच्या माणसाला पाहतो तसं.

शीतलला सगळं ऐकू येत व्हतं माझं. भारतला बी येत व्हतं.

रात्री शीतलनं मोबाईल काढला. त्या संध्याकाळचं गिटारीचं वाजवणं तिनं रेकॉर्ड केल्तं. "आज्जी, लाजशील आता. किती भांडत व्हती तू, ऐक."

गिटार साफ आली. ह्यांचा खोकला आला. कुकरची शिट्टी. कुत्रं. शीतल म्हणती, "आज्जी, जरा गप बस ना." मंग थांबती. मंग म्हणती, "किती ओरडती."

तिच्या दोन बोलण्यांच्या मधी…

काहीच न्हाई. खरखर बी न्हाई.

शीतलनं तीनदा लावलं. तिसऱ्यांदा माझ्याकडं पाहत लावलं. मंग माझ्या तोंडासमोर मोबाईल धरून म्हणली, "आज्जी, काहीतरी बोल."

म्या माझं नाव सांगितलं. तिनं ऐकवलं. चार सेकंद निघून गेले. आवाज न्हाई.

"माईक खराब झाला," ती म्हणली. पण त्याच्यानंतर ती स्वतः बोलली ते बराबर आलं.

तिला क्लीन टोन पाहिजे व्हता. मागं काहीच नको व्हतं. आता त्या घरात मागली गुरगुर म्हणजे मीच राह्यले व्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शीतल दुकानात गेली, हे झोपले. म्या पेचकस घेतला. तारा ढिल्या केल्या, खालची पट्टी काढली.

टाक दिसला.

तोंड वर व्हतं.

शीतलनं माझ्यासमोर उलटा लावला व्हता. सोल्डर जागच्या जागी, हललेलं न्हाई. पण तोंड वर व्हतं अन् माझ्याकडं पाहत व्हतं.

म्या वायर तोडली. पदरात धरून टाक न्हाणीच्या मागं नेला. मला वाटलं, हिला विहिरीत टाकली तर वर येईल. अर्थिंगच्या खड्ड्यात घालावी. विजेला जिथं जिरवतात तिथं ही बी जिरंल. कोळसा उकरला, टाक खाली दाबला, वरून मिठाचं पाणी ओतलं.

लई हुशार समजते मी स्वतःला.

घरातल्या प्रत्येक बटणाची तार त्या खड्ड्यात उतरती, हे म्या त्याच तोंडानं तुम्हाला वर सांगितलंय. तव्हा ध्यानात आलं न्हाई.

घरात आले…

फ्रीजचा आवाज बंद. दार उघडून पाह्यलं, आत लाईट व्हती, बर्फ व्हता. पंखा फिरत व्हता, आवाज न्हाई. ट्यूबलाईट रोज तडतड करायची, ती गप. सगळं घर झाडून पुसून ठेवल्यावानी साफ.

म्या हाक मारली, "शीतल." ती घरात नव्हती, मला ठाऊक व्हतं. मला फक्त माझा आवाज ऐकायचा व्हता.

आला. पण लई लांबून आला, जसं मळ्यातून कोणी बोलतंय.

मी तशीच पळत मागं गेले. दोन्ही हातानं खड्डा उकरला. कोळसा निघाला, मीठ निघालं, खालची लोखंडी पट्टी निघाली. हात कोपरापर्यंत काळे झाले.

टाक न्हाई.

संध्याकाळी शीतलनं ढिल्या तारा पाहिल्या. "आज्जी, तू केलं ना हे?" म्या सगळं सांगितलं, दुर्गाबाईपासून. मंग तिनं तारा नुसत्याच आवळल्या, पत्रा न लावता, अर्थ न देता. बटण दाबलं.

आवाज साफ.

बाजूला ह्यांनी खुर्ची ओढली.

शीतलचा हात तारेवरून उचलला गेला. "आज्जी, अर्थ नसताना असं होतच न्हाई," ती म्हणली. पहिल्यांदा मला ती घाबरलेली दिसली.

तीन दिवस मी ह्यांच्याशी बोलले न्हाई. म्हणजे बोलले, पोचलं न्हाई. एकदा ह्यांनी माझ्याकडं पाहून हात जोडले, पाहुण्या बाईला जोडतात तसे. त्या दिवशी म्या चप्पल घातली अन् सुगनबाईच्या दुकानात गेले.

सुगनबाई मारवाडी, चार पिढ्यांपासून टेंभुर्णीच्या. म्या आडून आडून इचारलं.

"बेबीबाई, आमच्यात बी अस्तं ते," त्या म्हणल्या. "माझ्या सासूच्या गळ्यात व्हती पातडी. नवी साडी आली की पयले तिला, बाद में आपल्याला. तुम्ही कधी दाखवलीच न्हाई का?"

"दाखवली ना."

"चेहऱ्यावरून तर वाटून न्हाई राह्यलं," त्या म्हणल्या अन् साड्या काढायला लागल्या.

आता माझा खोटेपणा ऐका. म्या दोन साड्या घेतल्या. एक मोरपंखी, भरलेल्या पदराची. ती माझ्यासाठी. अन् एक सेलमधली, रंग जाणारी. ती तिच्यासाठी. मेलेल्या बाईला काय कळतं.

घरी येऊन सेलमधली साडी हळदकुंकू लावून डब्यावर ठेवली. मोरपंखी माझ्या पेटीत, कुलूप लावून.

सकाळी उठले.

सेलमधली साडी माझ्या उशाशी व्हती. घडी मोडलेली न्हाई. कुंकू जसंच्या तसं.

पेटीचं कुलूप बराबर लागलेलं. आत मोरपंखी साडी… भिजलेली न्हाई, फाटलेली न्हाई. फक्त तिच्या निऱ्या घातलेल्या व्हत्या. नेसायला घेतल्यावानी, एकसारख्या, बारीक. माझ्या निऱ्या कधीच तशा येत न्हाई.

मंग मी लढणं सोडलं. सवतीचा राग गेला म्हणून न्हाई. राग आज बी हाय, तुमच्यापासून काय लपवू. पण एकावन्न वर्ष ज्याच्याशी बोलले त्यानं मला हात जोडले, ते मला सोसत नव्हतं.

मोरपंखी साडी उचलली. तेलाच्या डब्यासमोर ठेवली. म्हणलं, "घे बाई. आधी तुझं."

अन् खोलीचं दार लोटून बाहेर बसले.

आतून काहीच आवाज आला न्हाई. पण काहीच न येणं बी किती वेळ चाललं ते मला कळत व्हतं. साडी नेसायला जितका वेळ लागतो, तितका.

मंग आत गेले. साडी घडी करून ठेवलेली. रितीप्रमाणं आता ती माझी झाली व्हती. मी नेसले.

पाच वाजले. शीतल अजून दुकानातून यायची व्हती. डबा बंद, लाल लाईट बंद. हे दाढी करून खुर्चीवर येऊन बसले. मी बाजूला खाली बसले. बोलायची हिंमत होईना.

त्यांनीच हाक मारली.

"दुर्गे…"

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. ते माझ्याकडं पाहत व्हते.

म्या काय करायला पाहिजे व्हतं, तुम्हीच सांगा. पाच दिवस झाले व्हते माझा एक शब्द त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता.

"ओ," म्या म्हणलं.

त्यांना ऐकू आलं.

चेहरा फुलला त्यांचा. मंग इकडंतिकडं पाह्यलं, अन् आवाज बारीक करून, कोणी ऐकंल म्हणून, मला इचारलं,

"दुर्गे, ती दुसरी कुठं गेली गं?"

म्या पदर सावरून इचारलं,

"कोण दुसरी?"

"बेबी. लई बडबड करायची. दिवसभर कानाशी चालूच." ते हसले. "बरं वाटायचं. आता घरात तिचा आवाजच येत न्हाई. कुठं रुसून गेली का काय. तिला म्या कधी सांगितलं न्हाई, पण मला तिच्याबिगर करमत न्हाई."

ह्या माणसानं एकावन्न वर्षात मला जे सांगितलं न्हाई, ते तिला सांगितलं.

म्या त्यांचा हात धरला. म्हणलं, "अवं, मीच हाय. बेबी. इथंच हाय."

त्यांनी कानाला हात लावला. मान वाकडी करून ऐकायचा प्रयत्न केला. मंग डब्याकडं पाह्यलं.

"काय झालं दुर्गे? बोलता बोलता गप काहून झाली?"

त्याला आता चार महिने झाले. टाक अजून सापडला न्हाई. शीतलनं गिटार खोलून भिंतीला टांगून ठेवलीय, तिला हात लावत न्हाई. भारतनं दोनदा सगळी वायरिंग तपासली, त्याला काही चूक सापडली न्हाई. डॉक्टर म्हणले, ह्या वयात ह्यांचे कान असे साफ कसे झाले ते त्यांना बी कळत न्हाई.

मी बोललेलं आज बी मोबाईलमधी येत न्हाई. म्हणून शीतल हातानं लिहून राह्यली.

हे रोज मला माझ्याबद्दल इचारतात. बेबी आली का. जेवली असंल का. मी म्हणते, येईल.

आत्ता पाच वाजलेत. आतून हाक आली…

मला न्हाई मारली. पण मला जावं लागंल.